लांब जिभेचा बडग्या

माझं माहेर कुहीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. आमच्याकडे माणसं कामापुरतं बोलतात आणि जेवताना तर तेवढंही नाही. लग्न होऊन नागपूरच्या महालातल्या एका मोहल्ल्यात आले, तर नवरा असा मिळाला की त्याचं तोंड झोपेत मिटेल तेवढंच. लग्नाच्या पंगतीत माझ्या वडिलांनी आग्रह करकरून बुंदी वाढली, तेव्हा हे मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, पोरगी दिली तेवढं पुरे. आता जावई मारू नका." सगळी पंगत हसली. वडील मात्र कितीतरी दिवस मला विचारत होते, "जावई रागावले त नाही नं वं?"

हे जवळच्याच एका खाजगी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. कविता शिकवता शिकवता हेडमास्तरांच्या छत्रीवर, पोरांच्या डब्यांवर, स्वतःच्या टकलावर काहीतरी बोलून जायचे. पुढेपुढे तर असं झालं, की यांनी वर्गात तोंड उघडलं की पोरं आधी हसून घ्यायची आणि मग काय बोलले ते ऐकायची. याचं यांना फार कौतुक होतं. मला नव्हतं. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर तेही सरळ सांगायचे नाहीत, म्हणायचे, "आज समुद्र संपावर आहे काय?" भरल्या घरात असं बोललं की मला रडू यायचं. पण खरं सांगायचं तर ते रडता रडता मला हसूही यायचं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या जिभेचा खरा सण म्हणजे तान्हा पोळा. तो पोळ्याचा दुसरा दिवस, त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी, अशा दोन मोठ्या बायांचे पुतळे वाजतगाजत गावाबाहेर नेतात आणि जाळतात, म्हणजे वर्षभराची रोगराई त्यांच्यासोबत जाते. त्यांच्या मागेपुढे मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडग्ये निघतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद, चिंध्या, फुटके डबे यांचा पुतळा. तो महागाईचा असतो, चोराचा असतो, नगरसेवकाचा असतो, ज्यानं लोकांना पिडलं त्याचा असतो. गळ्यात तुटक्या चपलांची माळ आणि छातीवर पाटी. पोरं ओरडत जातात, अमक्याला घेऊन जा गे मारबत, तमक्याला घेऊन जा गे मारबत. त्या दिवशी कोणी कोणाला काहीही म्हणावं. कोणी रागवत नाही, निदान रागवू नये असा रिवाज आहे.

आमच्या मोहल्ल्याच्या बडग्याची पाटी दरवर्षी हे लिहायचे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मोहल्ल्यातली तरुण मंडळी संध्याकाळी आमच्या ओसरीवर जमायची. "सर, यंदा कोणाले घ्याचं?" इथून सुरुवात व्हायची. मी चहा करून करून थकायची. एका वर्षी कोपऱ्यावरच्या रेशनवाल्याचा नंबर लागला, कारण त्याच्या तांदळात खडेच फार निघायचे. यांनी पाटी लिहिली:

खड्यांमध्ये तांदूळ सापडला बाई,
रेशनवाल्या दादाची केवढी पुण्याई.

आठवडाभर ती ओळ पोराटोरांच्या तोंडी होती. रेशनवाल्यानं चार दिवस दुकान उघडलं नाही. त्याची बायको आमच्याकडे आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, वर यायला तयार नाही. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊजी, तांदूळ काय हे घरी पिकवतात का? वरून येते तसंच विकतात. माझ्या पोराले शाळेत खडे म्हणून चिडवून राहिले सारे." हे म्हणाले, "वहिनी, एका दिवसाचं हसणं आहे. जळून गेला तो बडग्या. विसरून जातील लोक." ते समजूत घालायलाच म्हणाले, त्यात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं वाटायचं. बडग्या जळला की त्याच्यावरचं हसूही जळतं, असा त्यांचा विश्वास होता. ती बाई वळून निघून गेली. मी त्या रात्री यांच्याशी बोलले नाही.

सत्तर सालच्या आगेमागे, तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, यांच्या शाळेचे अध्यक्ष वारले. संस्था त्यांनीच काढलेली, त्यामुळे शाळेत त्यांचाच शब्द चाले. माणूस कर्तबगार होता, गरिबांची पोरं त्यांच्यामुळे शिकली, हे कोणीही मान्य करील. पण त्यांच्या घरी लग्न असलं की मास्तरांनी धोतर खोचून पंगतीत वाढायला जायचं, अशी पद्धत होती. यांनीही वाढलं होतं. ज्या पंगतीत यांचे विद्यार्थी जेवायला बसले होते त्याच पंगतीत हे वरणाची बादली घेऊन फिरले. त्याबद्दल घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. न बोलण्याची त्यांची तेवढी एकच आठवण माझ्याकडे तोवर होती.

तर त्या दिवशी बडग्या चौकात पोचला होता, डफ वाजत होते, यांच्या कपाळाला गुलाल लागलेला. आजूबाजूला मोहल्ल्याची मंडळी, शाळेतले दोन-तीन मास्तर, मोठ्या वर्गातली पोरं. कोणीतरी सायकलवरून येऊन सांगितलं, अध्यक्ष आत्ताच गेले. क्षणभर डफ थांबले. आणि हे म्हणाले, "म्हणजे यंदा मारबतीनं ऐकलं म्हणायचं."

लोक हसले. हे मी पाहिलेलं नाही, पण पुढे ज्या ज्या माणसानं मला हा प्रसंग सांगितला त्या प्रत्येकानं हेच सांगितलं, की बाकीचे हसले. आपण हसलो असं एकही जण म्हणाला नाही.

हे घरी आले आणि मलाही ते वाक्य सांगितलं. मी हातातली परात खाली ठेवली. म्हटलं, "त्यायच्या घरी मढं पडलं आहे, अन् तुमाले हे सुचते? काहून बोलता असं?"

"अवं, तान्हा पोळा आहे," हे म्हणाले. "आज सारं माफ असते."

बस्स, एवढीच त्यांची चूक. बडग्याच्या दिवसाची सूट मेलेल्या माणसाला लागू होत नाही, आणि त्याच्या घराला तर नाहीच नाही, हे त्यांना कळलं नाही. त्या पंगतीतली वरणाची बादली त्यांनी अजून हातातून खाली ठेवलेली नसावी, असं मला आता वाटतं.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य अध्यक्षांच्या घरी पोचलं. दुसऱ्या दिवशी ते शहरभर झालं. एका वर्तमानपत्रानं मास्तराची विकृती म्हणून छापलं. नाव घातलं नव्हतं, पण महालात नाव घालायची गरज नव्हती. दूधवाला माझ्या भांड्यात दूध ओतताना माझ्याकडे बघेना. नळावर मी गेले की बायका आपापली गुंडी भरून निघून जायच्या, एरवी ज्या निम्मी सकाळ तिथे काढत.

शाळेत शोकसभा ठेवली. अध्यक्षांचा मुलगा संस्थेचा सचिव होता. त्यानं निरोप पाठवला, की सभेत सगळ्यांपुढे माफी मागा, म्हणजे विषय संपला. मजकूर त्यानंच लिहून दिला. त्या मुलाचा बाप गेला होता आणि गेल्याच्या पहिल्या तासात त्याच्यावर गाव हसलं होतं. मला आज त्याचा राग समजतो. तेव्हा समजला नाही, तेव्हा माझी दोन लेकरं लहान होती आणि मला फक्त नोकरी दिसत होती. मी यांना म्हटलं, "जसं लिहून देलं तसंच वाचा. एक शब्द आपल्या मनचा घालू नका."

"नाही घालत," हे म्हणाले. सभेला जाताना धुतलेला सदरा घातला आणि आरशासमोर उभं राहून मजकूर दोनदा वाचला. त्यांना खरोखरच लाज वाटत होती. रात्रीतून त्यांच्या ध्यानात आलं होतं आपण काय बोललो ते. माणूस वाईट नव्हता हो.

पुढचं मला आमच्या शेजारी राहणाऱ्या, यांच्याच शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं. मैदानात सगळी शाळा बसलेली. समोर हार घातलेला फोटो, बाजूला सचिव, पाहुणे. हे उभे राहिले, कागद उघडला आणि वाचलं, "मी अत्यंत शरमिंदा आहे." मागच्या रांगेतून एक पोरगा हसला. मग त्याच्या बाजूचा. मग लाट यावी तसं सगळं मैदान हसायला लागलं. पोरांचा काय दोष? सर तोंड उघडतात ते हसवायलाच, हेच त्यांनी पाचवीपासून पाहिलं होतं. गंभीर चेहरा करून बोलणं ही तर सरांची नेहमीची रीत. हे थांबले, हात वर करून पोरांना गप्प करायला लागले, तर पोरं अजूनच हसली. यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा हसू. शेजारचे मास्तर म्हणाले, "वहिनी, सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते आम्ही पुढं बसलो होतो म्हणून दिसलं."

त्याच आठवड्यात नोकरी गेली. दिवंगत अध्यक्षांची दुसऱ्यांदा आणि तीही शोकसभेत विटंबना केली, असं कारण दिलं. त्या काळी खाजगी शाळेतल्या मास्तराची नोकरी संस्थेच्या मर्जीवर असायची. कोणाकडे दाद मागायची तेही आम्हाला माहीत नव्हतं. ज्या मास्तरांनी चौकात दात काढले होते त्यांनी यांच्याविरुद्धच्या निवेदनावर सही केली म्हणे. त्यांनाही लेकरंबाळं होती. मी त्यांना माफ केलं आहे असं मात्र लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

मग मी एक केलं. धान निघाल्यावर माहेराहून नवे तांदूळ आले, त्यातले थोडे पिशवीत घेतले आणि अध्यक्षांच्या पत्नीकडे गेले. यांना न सांगता. म्हटलं, बाईमाणूस आहे, बाईचं ऐकेल. त्या मागच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, एकट्या. मी पाया पडले, कोण ते सांगितलं. त्यांनी मला जाय म्हटलं नाही. बस म्हटलं.

"आई, त्यायच्यानं चुकलं," मी म्हणाले. "तुमाले दुःख झालं."

"झालं," त्या म्हणाल्या. "खोटं काहून बोलू? लय लागलं मले. पण तो बोलला एकदा, तेही तिकडं चौकात. माझ्या कानावर ते आलंही नसतं. जो भेटाले आला तो मले सांगून गेला वं. 'असं बोलला तो मास्तर, ऐकलं का तुमी?' तेरा दिवस हेच. मी इकडं नवऱ्यासाठी रडून राहिली होती, अन् हे मले तेच ते ऐकवून राहिले होते."

मी विचारलं, नोकरीचं काही होईल का, त्यांनी मुलाला सांगितलं तर.

"माफी मागाले लावली ती मले विचारून लावली काय? काढलं ते मले विचारून काढलं? मी सांगतलं होतं पोराले, जाऊ दे म्हणून. तो म्हणे, हा संस्थेच्या इज्जतीचा सवाल आहे, तू मधात पडू नको." त्यांनी पिशवीतले तांदूळ हातात घेऊन पाहिले. "चांगला आहे तांदूळ," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याले सांग, माझा राग गेला आहे. पण त्याचा आता काही उपयोग नाही."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग मी माफी चुकीच्या जागी मागितली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच त्या घरी गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, "काही नाही. त्यांनी बसा म्हटलं, बसलो. चहा दिला, पेलो. तोंडातून शब्दच निघाला नाही." आणि मग म्हणाले, "मले बोलाची भीती वाटली वं. वाटलं, मी काही बोललो अन् कोणी हसलं तर?"

बर्डीच्या बाजारात ओळखीच्या एका माणसाचा छापखाना होता. तिथे यांना मुद्रितं तपासायचं काम मिळालं. लग्नपत्रिका, दुकानांच्या जाहिराती, तेरवीची पत्रं. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका दुरुस्त करायच्या, आपलं एक अक्षर त्यात घालायचं नाही. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. मीठ कमी पडलं तरी मुकाट्यानं जेवायचे. मीच एकदा मुद्दाम आळणी वरण केलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील, समुद्र, संप, काहीतरी. त्यांनी भुरका मारला आणि भात संपवला.

पुढचा पोळा आला. आधीच्या आठवड्यात हे छापखान्यातून आल्यावर सदरा बदलायचे नाहीत. तसेच ओसरीवर बसून राहायचे. मी चहाचं आधण जास्त ठेवायची. कोणी आलं नाही. ज्या पोरांनी माझ्या घरचे चहा पिऊन पिऊन मिशा वाढवल्या, ती ओसरीवरून मान खाली घालून जायची. 

तान्ह्या पोळ्याला सकाळी डफ ऐकू आले. बडग्या आमच्या गल्लीत वळला तेव्हा मी दारात होते. आधी मला फक्त लाल कापड दिसलं. मग कळलं ती जीभ आहे. पुतळ्याच्या तोंडातून निघालेली, पार गुडघ्यांपर्यंत लोंबणारी. वर तारेचा चष्मा, डोक्याला टक्कल म्हणून पिवळा कागद चिकटवलेला, काखेत फाटकं पुस्तक. छातीवर पाटी, मास्तरची जीभ लांब, अक्कल आखूड. आणि पोरं ओरडत होती, "लांब जिभेच्या मास्तरले घेऊन जा गे मारबत." शेजारच्या मोहल्ल्याचा होता की आमचाच, कोणी सांगितलं नाही. पण मागून चालणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातले चेहरे होते.

मला दार लावायचं होतं. यांनी मला बाजूला केलं आणि ओसरीवर येऊन उभे राहिले. डफ बंद पडले. ओरडणारी पोरं गप्प झाली. हे त्या बडग्याकडे बघत राहिले, मग त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. ज्याचा बडग्या निघतो त्यानं रागवू नये, असं आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, तेव्हा हसणं भागच होतं. ओठ वाकडे झाले, पण हसू काही आलं नाही. मग त्यांनी हात जोडले. मिरवणूक पुढे गेली, थोड्या अंतरावर गेल्यावर डफ पुन्हा सुरू झाले.

आत येऊन म्हणाले, "ओळ काही जमली नाही पोरांले. जीभ मात्र चांगली केली." त्यांनी केलेली ती शेवटची थट्टा. मी तेव्हा हसले असते तर बरं झालं असतं का, कोण जाणे. मला हसता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी रेशनवाल्याची बायको आली. या वेळी ओसरी चढून आत आली, माझ्यासमोर बसली आणि मी निवडत होते ती मेथी निवडायला लागली. एका दिवसाचं हसणं आहे वहिनी, विसरून जातील लोक, हे यांचं वाक्य ती आता मला ऐकवेल म्हणून मी वाट बघत होते. ऐकवायचा तिला हक्क होता. तिनं नाही ऐकवलं. मेथी संपली तशी पदर झटकून उठली आणि म्हणाली, "जाते वं, पोरगं शाळेतून येईल." सुट्टीचा दिवस होता, शाळा नव्हती.

बडग्या जळला. हसू जळलं नाही. लोक विसरले म्हणावं, तर खरंच विसरले, दोन-चार वर्षांत कोणाच्या काही लक्षातही राहिलं नाही. यांच्याच लक्षात राहिलं. पुढे जे आयुष्य गेलं त्यात हे नेमाने कामाला गेले, पोरांची शिक्षणं केली, लेकीचं लग्न केलं. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आग्रहानं बुंदी वाढली, यांनी ती निमूट खाल्ली. मी पदराआड डोळे पुसले, बायकांना वाटलं लेक चालली म्हणून रडते आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मुलानं मनीषनगरात घर बांधलं. तेव्हा तिथे निम्मे प्लॉट रिकामेच होते, वस्ती नवी, सगळे शेजारी नवे. मारबत त्या बाजूला येत नाही. तिथे हे दोन वर्षं राहिले. सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवून नमस्कार करायचे.

ते गेले तेव्हा शेजारपाजारची मंडळी भेटायला आली. सगळी भली माणसं, यांच्याबद्दल मनापासून आदर असलेली. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून एक जण म्हणाले, "काय शांत माणूस होता, काकू. कधी कोणाला उणा शब्द नाही." दुसरे म्हणाले, "आवाजसुद्धा ऐकला नाही आम्ही. असा माणूस मिळत नाही आजकाल."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तुम्ही ज्याच्याबद्दल बोलता तो माझा नवरा नव्हे. माझा नवरा असा होता, की पंगतीत तोंड उघडलं तर सासऱ्याची झोप उडायची. तो कधीचाच गेला, आणि त्याच्यासाठी भेटायला कोणी आलं नाही. पण आलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. मी मान हलवली आणि सुनेला म्हटलं, सगळ्यांना पाणी दे.